पावसाळ्यात खिडक्या बंद असताना ओपीडीत यूव्ही दिवा लावावा का?

प्रश्न (परिचारिका, डिचोली तालुका):
नमस्कार. जूनपासून पावसाची झड आत येते म्हणून आमच्या आरोग्य केंद्राच्या ओपीडीतील खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि त्याच बाकांवर खोकणारे रुग्ण, गरोदर महिला व तान्ही मुले बराच वेळ ताटकळत बसतात. शस्त्रक्रियागृहात रात्री लावतात तसा यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवा येथे बसवावा, अशी सूचना आली आहे. माणसे बसलेली असताना तो चालू ठेवता येईल का?

उत्तर (बायोमेडिकल अभियंता, पणजी):
तो उघडा दिवा माणसांसमोर मुळीच लावू नये. त्याच्या किरणांनी त्या वेळी काही जाणवत नाही, पण काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि त्वचाही भाजते. आपल्याला हवा तो खोलीच्या वरच्या भागासाठीचा दिवा. तो जमिनीपासून किमान 7 फुटांवर बसतो आणि त्याच्या आडव्या पट्ट्या 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण छताखालच्या थरातच राखतात. छत चकचकीत ऑइलपेंटचे असेल तर किरण परावर्तित होऊन खाली येऊ शकतात. म्हणून बसवल्यावर डोळ्यांच्या उंचीवर मीटरने मोजणी करून घ्यावीच.

उत्तर (डॉक्टर, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम):
खोलीच्या वरच्या भागातील अशा दिव्यांची जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस केली आहे. दक्षिण आफ्रिकेत क्षयरुग्णांच्या वॉर्डातील हवा गिनिपिगांना देऊन पाहिली, तेव्हा दिवे चालू असलेल्या दिवसांच्या हवेमुळे होणारा संसर्ग सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळला. मात्र त्या वॉर्डांत हवा घुसळणारे पंखे होते. खालची हवा वर गेलीच नाही, तर दिवा नुसता जळत राहतो. आपल्याकडची खरी अडचण दमटपणाची आहे: सापेक्ष आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या वर गेली की परिणाम घटतो आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. म्हणून माझ्या मते पावसाची झड अडवणारे छज्जे बांधून वरची झरोकेवजा तावदाने उघडी ठेवणे आणि खोकणाऱ्या रुग्णाला मास्क देऊन आधी तपासणे हे पहिले काम. दिवा त्याच्या जोडीला घ्यावा.

उत्तर (तंत्रज्ञ, मडगाव):
देखभालीची तरतूद खरेदीच्या कागदातच करून घ्या. जुनी झालेली नळी निळी दिसतच राहते, पण तिचे जंतुनाशक किरण मंदावलेले असतात. त्यामुळे निर्मात्याने दिलेल्या तासांनुसार ती बदलावी. धूळ बसली तरी किरण अडतात, म्हणून वीज बंद करून, नळी गार झाल्यावर ती अल्कोहोलने पुसावी. नळीत पारा असतो, फुटल्यास कचऱ्यात टाकू नये.