वजन मागे, चाकं मोकळी

पाइनवुड डर्बी म्हणजे मुलांनी पाइनच्या ठोकळ्यातून केलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. त्यात गाडी टोकदार केली की पळते, असं म्हणतात. पण एवढ्याशा उतारावर खरा वेळ खातं ते आसाचं घर्षण. आस म्हणजे इथे खिळाच, त्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरा असतो, नखाला लागतो. तो तुमच्या मुलीलाच झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासू द्या, मग ग्रॅफाइटची पूड. तेल अजिबात नको, धूळ धरतं.

गाडीच्या वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. ती पुरेपूर वापरा. वजन मागच्या आसाच्या जरा पुढे बसवा. उतारावर ते जास्त उंचीवरून सुटतं, म्हणून वेग वाढतो. अगदी मागे नेलंत तर पुढची चाकं उचलतात. शिसं मुलांच्या हातात देऊ नका, वजनासाठी पुण्याच्या बोहरी आळीत लोखंडी वॉशर मिळतात. करवत तुम्ही चालवा, आकार मात्र तिनेच काढू दे.