मुलीसाठी सेकंडहँड कार्बन एमटीबी (माउंटन बाइक) घ्यावी का? जाणकारांनी सांगा

वर्कशॉपवाला (सातारा)

नमस्कार मंडळी. मी सायकलवाला नाही, आधीच सांगतो. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर दुरुस्तीची शेड आहे माझी. पोरगी क्रॉस कंट्रीच्या शर्यती करते. सध्या सब-ज्युनिअरला आहे, पुढच्या वर्षी ज्युनिअर गटात जाईल. सकाळी यवतेश्वरचा घाट, सुट्टीच्या दिवशी अजिंक्यताऱ्याच्या अंगच्या कच्च्या वाटा. तिथला मुरूम असा सुटा असतो की मला चालताना पाय घसरायची भीती वाटते, आणि ही त्यावरून सायकल सोडते.

आत्ताची सायकल ॲल्युमिनिअमची हार्डटेल, म्हणजे मागं शॉकअप नाही. 29 इंची चाकं, पुढं स्प्रिंगचा शॉकअप, गिअर पुढं दोन मागं नऊ. शेडमधल्या काट्यावर 13.8 किलो भरली, बाटली न लावता. पोरगी 46 किलो, उंची पाच फूट तीन इंच.

तिचे सर म्हणतात आता कार्बन बघा. पुण्यातले एक गृहस्थ त्यांची विकतायत. स्कॉट स्केल, कार्बन फ्रेम, 2020 चं मॉडेल, पुढं एकच चकती आणि मागं बारा गिअर, हवेचा फोर्क (पुढचा शॉकअप), साइज एम. वजन 10.9 किलो सांगतात. सव्वा लाख म्हणतायत, लाखापर्यंत येतील असा अंदाज आहे. त्यांनी पाठवलेल्या फोटोत खालच्या मोठ्या नळीला पोटाकडून एक ओरखडा दिसतो, बोटाच्या पेराएवढा.

माझी अडचण अशी. बीडाचं हाउसिंग तडकलं तर हातोडीच्या आवाजावर मला कळतं. ॲल्युमिनिअमला शंका आली तर डाय मारून चीर बघता येते. या कार्बनचं काय? वरनं चकाचक आणि आतून गेलेलं असं असतं का? दगड लागला की फुटतं म्हणतात ते खरं का? आणि तीन किलोनं असा काय फरक पडतो, की लाखभर रुपये घालावेत? मला तो आकडा पाहिजे, "सायकल उडते" असं सांगणारे गावात पुष्कळ आहेत.

टेकडीखोर (पुणे)

काका, स्पष्ट बोलतो. वजनाचं खूळ आहे सगळं. वेताळ टेकडीवर रोज बघतो, दीड-दोन लाखांची कार्बन घेऊन आलेली मंडळी एआरएआयच्या चढाला उतरून ढकलत असतात आणि कॉलेजातलं पोरगं चौदा किलोच्या सायकलीवर शेजारून निघून जातं. सायकल जिंकत नाही, पाय जिंकतात. अजून दोन वर्षं आहे त्यावरच पळवा. सायकलचं दोन किलो कमी करायला लाख रुपये, अंगाचं दोन किलो कमी करायला शून्य रुपये.

उतारवेडी (कोल्हापूर)

टेकडीखोर, तो शेवटचा सल्ला तुमच्या टेकडीवरच्या चाळिशीतल्या मित्रांना द्या. 46 किलोच्या वाढत्या मुलीला अंगाचं वजन कमी कर असं कुणीही सांगू नये. वर्कशॉपवाले दादा, हे वाक्य तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. मी मुलींच्या गटात शर्यती केल्या आहेत, त्यामुळे हे चेष्टेत घेता येत नाही.

आता आकडा. तुम्ही यंत्रातले आहात, पटकन पटेल. सायकल आणि स्वार मिळून आत्ता साधारण 60 किलो. त्यातले 2.9 गेले म्हणजे जवळजवळ पाच टक्के. तोच फरक 75 किलोच्या बाप्याला सव्वातीन टक्के पडतो. म्हणून "वजनानं काही होत नाही" हे मत बहुधा जड माणसाचं असतं. 2.9 किलो 100 मीटर उंच न्यायला सुमारे 2,840 ज्यूल लागतात. ती चढावर टिकून 130 वॅट काढत असेल असं धरा, भागाकार करा, येतात बावीस सेकंद. दर शंभर मीटर चढाईला. तिच्या शर्यतीत एकूण अडीचशे मीटर चढ असेल तर पाऊण मिनिटाच्या वरच. मुलींच्या गटात पहिली आणि चौथी यांच्यात कधी कधी तेवढंच अंतर असतं. तेव्हा सर चुकीचं सांगत नाहीत.

पण हे 2.9 किलो येतात कुठून ते बघा. कार्बन फ्रेममुळे वाचतात साधारण सहाशे-सातशे ग्रॅम, बास. स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास असतो, हवेचा चांगला दीड-पावणेदोन. तिथं आणखी पाऊण किलो. बाकीचं चाकं, टायर, आतल्या ट्यूबा आणि पुढच्या जादा चकतीत. म्हणजे लाख रुपये कार्बनच्या नावानं जाणार आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन कार्बनचं नसणारच.

फोर्कचा मुद्दा वजनापेक्षाही मोठा आहे. स्वस्त स्प्रिंग फोर्क सत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी बांधलेले असतात. 46 किलोची मुलगी बसली की तो दबतच नाही, नुसता दांडा होतो. मग सुट्या दगडांवर पुढचं चाक उड्या मारतं, आणि आपण म्हणतो पोरगी उतारावर घाबरते. हवेच्या फोर्कमध्ये पंपानं तिच्या वजनाएवढी हवा भरता येते. सायकलवर बसल्यावर 100 मिमीतले 15 ते 20 मिमी खाली बसायला हवेत. नळीवर रबराची रिंग असते, ती सरकवून बघायचं.

आता कार्बन फुटतं का. कार्बन म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले धाग्यांचे थर. धाग्यांच्या दिशेनं प्रचंड ताकद, आडवा मार लागला तर थर एकमेकांपासून सुटू शकतात. हो, वरून नीट दिसून आत सुटलेलं असू शकतं. पण दगड उडाला की काचेसारखं तडकतं हे खोटं. नाहीतर माउंटन बाइकच्या वर्ल्ड कपला दगडांनी भरलेल्या उतारांवरून कुणी कार्बनवर उतरलं नसतं. कार्बन फ्रेमचा खरा शत्रू म्हणजे पान्हा. सीटपोस्टचा क्लॅम्प बहुतेक फ्रेमवर पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, आकडा तिथंच छापलेला असतो. तुमचा हात ट्रॅक्टरच्या नटांना सरावलेला, टॉर्क पान्ह्याशिवाय (किती आवळलं ते दाखवणारा पान्हा) हात लावू नका. तिथं ग्रीसही नाही, कार्बनची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते. आणि दुरुस्तीच्या स्टँडला सायकल कधी फ्रेमच्या नळीत पकडू नका, सीटपोस्टला पकडा.

बघायला जाल तेव्हा सायकल धुऊन ठेवायला सांगा. बॅटरी आडवी धरून डाउनट्यूबचं (खालच्या मोठ्या नळीचं) पोट, चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीची) चकतीकडची बाजू, सीट क्लॅम्पच्या खालचे दोन इंच आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा ॲक्सल बसतो त्या जागा) बघा. ओरखड्यावर कापूस फिरवा. धागे तुटले असतील तर कापूस अडकतो. मग नाण्यानं टकटक करत एकेक बोट सरका. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. तुम्हाला हे माझ्यापेक्षा बरं जमेल. फक्त नळी जिथं जाड होते तिथं आवाज बदलतोच, म्हणून त्याच उंचीला दुसऱ्या बाजूनं वाजवून ताडून बघा. पूर्ण नवा रंग मारलेली फ्रेम असेल तर तिथूनच परत या. आणि फ्रेमची आयुष्यभराची वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात, ती किमतीत धरू नका.

एवढं लिहून झाल्यावर वर परत बघितलं. पाच फूट तीन आणि साइज एम? दादा, बाकी सगळं राहू दे, आधी हे बघा. तिला एस लागेल.

सह्याद्री_टायर (नाशिक)

साइजबद्दल वरच्या ताईंना अनुमोदन. मी फक्त टायरचं बोलतो. काहीही घ्या, ट्यूबलेस करा. ट्यूब असली की दगडाच्या धारेवर चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून हवा जास्त ठेवावी लागते, आणि जास्त हवेला मुरमात पकड नाही. तिच्या वजनाला 2.25 रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये 16 ते 18 पीएसआयपासून सुरुवात करून बघा. सीलंट (भोक बुजवणारं, टायरमध्ये ओतायचं द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, बाटलीवर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका. चाक कानाजवळ धरून हलवा, खळखळ ऐकू आली पाहिजे.

पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये माउंटन बाइक शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, आघाडी गेली, तरी शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून त्यानं सुवर्ण घेतलं. पण त्याला टेक झोनमध्ये (वाटेवरच्या दुरुस्तीच्या जागी) चाक बदलून देणारी माणसं उभी होती. आपल्याकडे शर्यतीत पंक्चर झालं की पाच मिनिटं गेली समजा, मग त्या 22 सेकंदांचं काय करता? रोड सायकलला यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) 6.8 किलोची खालची मर्यादा आहे, एमटीबीला तशी नाही, तरीही वर्ल्ड कपच्या सायकली दहा किलोच्या आसपासच असतात. रुंद टायर, मागचा शॉक, खालीवर होणारी सीट, या सगळ्याचं वजन ते लोक समजून उमजून वाहतात.

वर्कशॉपवाला (सातारा)

सगळ्यांचे आभार. पुण्याला जाऊन आलो, पोरीला घेऊनच.

सायकल स्वच्छ होती. काटा सोबत नेला होता, 11.2 भरली, पेडलसकट. ओरखड्यावर कापूस फिरवला, अडकला नाही. नाण्यानं वाजवलं, डावी उजवी बाजू सारखी. लॅकरच गेलंय फक्त. सीट क्लॅम्पखाली मात्र एक केसासारखी रेघ होती, बॅटरी आडवी धरल्यावर दिसली. नख लावलं तर नख अडकत नाही. रंगाची असेल, नसेल. गृहस्थ भले होते, स्वतःच म्हणाले की मलाही हे माहीत नव्हतं, किंमत कमी करतो.

पण निकाल पोरीनंच लावला. त्यांच्या सोसायटीमागं उताराची पायवाट आहे, तिथं चालवून बघितली. चढाला खूष. वर पोचून मागं वळून हसली, तेव्हा मला वाटलं गेले लाख रुपये. उतारावर मात्र हात सरळ ताणलेले, कोपर वाकवायला जागाच नाही, आणि बूड सीटच्या मागं नेता येईना. दोनदा पाय टेकला. आपल्या जुन्या सायकलवर असल्या वाटेला ती ब्रेकसुद्धा धरत नाही. गृहस्थ म्हणाले हँडलचा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) आखूड टाका, काम होईल. होतं का?

उतारवेडी (कोल्हापूर)

आखूड स्टेमनं हात जवळ येतील, दोन-तीन सेंटिमीटर. पण फ्रेम लांबच राहते, चाकांमधलं अंतर तेच राहतं आणि तिचं वजन पुढच्या चाकावर नीट येत नाही. वळणावर पुढचं चाक घसरायला लागेल. एका साइजचा फरक लपवता येतो असं विकणारे सांगतात, घेणाऱ्याला तो प्रत्येक वळणावर कळतो. नका घेऊ. क्लॅम्पखालची रेघ वेगळीच. कार्बन दुरुस्त होतं, थर चढवून देणारे आहेत, पण ते तुमच्या घरच्या सायकलवर करायचं. विकत घेतानाच कशाला.

एस साइजची येईपर्यंत आहे त्या सायकलला हवेचा फोर्क बसतो का बघा. त्यासाठी बेअरिंगचा खालचा कप काढून फ्रेमच्या हेडट्यूबचा (फोर्कची नळी जिच्यातून जाते ती पुढची नळी) आतला व्यास खालच्या तोंडाशी मोजा. 34 मिमी आला तर फक्त सरळ नळीचाच फोर्क बसेल, तसे चांगले फोर्क आता मिळणं अवघड. 44 आला तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या) नळीचा फोर्क बसतो, पुढची बाजू सेंटिमीटरभर उचलली जाते, तेवढं हँडलखालचे स्पेसर (कड्या) काढून जुळवता येतं. पुढचं चाक बदलावं लागेल हे धरून चला. नव्या फोर्कना 15 मिमीचा आरपार ॲक्सल असतो, तुमचा बारीक, खटक्यानं सुटणारा क्विक रिलीजचा असणार.

टेकडीखोर (पुणे)

काका, तो वजनाचा सल्ला मागे घेतो, ताईंचं बरोबर आहे. एस साइजच्या कार्बनवर इकडे लक्ष ठेवतो. आमच्या ग्रुपवर अशा सायकली येतात, घेऊन वर्षभर दिवाणखान्यात लावलेल्या. फोर्क जुना घेतलात तर आधी सर्व्हिस झाली का विचारा. रॉकशॉक्स ही फोर्क बनवणारी कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस 50 तासांनी करायला सांगते, पुण्यात ती 50 तासांनी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वर्कशॉपवाला (सातारा)

कप काल रात्रीच काढला. व्हर्निअर लावला, 43.9. म्हणजे 44 च धरायचं ना?

फोर्कची सर्व्हिस मी स्वतः करतो. तेलाचं माप आणि सीलचा नंबर कुणी सांगितला की झालं, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकपेक्षा अवघड असेल असं वाटत नाही. त्या पुण्याच्या गृहस्थांना फोन केला होता, फोर्क आणि पुढचं चाक तेवढं सुटं देता का म्हणून. म्हणाले, विकली तर अख्खी विकीन. रविवारी परत विचारतो.