गडहिंग्लजचा पूर्व भाग : दुष्काळ जाहीर झाला, पण मदत कुणापर्यंत पोचली?

माळावरची

2023 चा ऑगस्ट आठवतोय का? देशात 1901 पासूनचा तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता. आमचं गाव गडहिंग्लजच्या पूर्वेला, नूल-हलकर्णीच्या अंगाला. भुईमूग आऱ्या सोडायला आलेला, सोयाबीन फुलात, आणि तीन आठवडे आभाळ नुसतं पांढरं. नंतर पाऊस आला, पण शेंगा पोचट राहिल्या त्या राहिल्याच.

31 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले त्यात दोन, हातकणंगले आणि गडहिंग्लज. कोल्हापूर शहरातल्या माझ्या ऑफिसमध्ये कुणाचा विश्वासच बसेना. "कोल्हापुरात कसला दुष्काळ?" गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यावरून सगळा जिल्हा मोजायची सवय लागलीय आपल्याला. आजऱ्याकडनं आमच्या बाजूला येत जा, डोळ्यांदेखत रान बदलतं.

मग सवलती आल्या, मोजून आठ. आमच्या घराला लावून बघते. जमीन महसुलात सूट : दोन एकरांचा शेतसारा तो किती! कृषी पंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट : आमच्याकडं पंपच नाही. पंपाची जोडणी तोडणार नाही : तेच. कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडायची मुदत वाढवून देणं, आणि वसुलीला स्थगिती : आमच्या कामाची नाही, का ते विचारलंत तर सांगेन. टँकर लागला नाही. रोजगार हमीचे निकष शिथिल केले, पण गावात काम निघालं नाही. राहिली परीक्षा फी. भावाची मुलगी बारावीला होती, तेवढी एक खरी उपयोगी पडली.

बघा, ज्याच्याकडं विहीर आहे, पंप आहे, मोठं कर्ज आहे, त्याला यातलं जास्त लागू होतं. कोरडवाहूवाला सगळ्यांत आधी वाळतो आणि यादीत सगळ्यांत शेवटी येतो.

निविष्ठा अनुदानाचा, म्हणजे बियाणं-खताच्या खर्चापोटीच्या रोख मदतीचा आदेश निघाला तोवर फेब्रुवारी संपत आला होता. पुढं यादी, विशिष्ट क्रमांक, आधार प्रमाणीकरणासाठी सेवा केंद्रात दोन खेपा. वडिलांच्या खात्यावर पैसे पडले तेव्हा पुढच्या हंगामाची पेरणी उरकलेली होती, तीही उसनवारीनं. केंद्राच्या निकषानं जिरायतीला हेक्टरी 8,500 धरले तर दोन एकरांना 6,800 रुपये होतात. रक्कम थोडी आहे, पण मृगाच्या आधी हातात आली असती तर बियाणं नक्की सुटलं असतं.

माझं म्हणणं एवढंच : मदत कर्जखात्याला आणि पंपाला देऊ नका, पेरणाऱ्याला द्या आणि पेरणीच्या आत द्या. मोजायचं ते गावाच्या शिवारात मोजा.

जुना गटसचिव

ताई, तुमची तळमळ समजते. पण मी 31 वर्षं सेवा संस्थांचे, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचे हिशेब लिहिलेत, त्यामुळं थोडं विरोधात बोलतो.

रोख मदत हातात पडते आणि जाते. टिकतं ते खातं. खातं चालू राहिलं तर पुढच्या खरिपाला कर्ज मिळतं आणि सावकाराचं दार चढावं लागत नाही. म्हणून पुनर्गठन हाच दुष्काळातला खरा आधार आहे.

कर्ज बाजूला ठेवून वरनं पैसे वाटले की काय होतं ते आपण पाहिलंय. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत आपल्या जिल्ह्याला रक्कम आली, आणि नंतर कमाल मर्यादेपेक्षा जादा कर्ज दिलं म्हणून सुमारे 112 कोटी अपात्र ठरले. प्रकरण कोर्टात गेलं. 2017 ला थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी आणि वेळेत भरणाऱ्याला जास्तीत जास्त 25 हजार. 2019 च्या योजनेत थकबाकीदाराला दोन लाख आणि नियमित भरणाऱ्याला 50 हजार, तेही मिळायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. कोल्हापूरचा शेतकरी कर्ज बुडवत नाही. त्याला प्रत्येक वेळी शिक्षा झाल्यासारखं वाटलं. वसुलीची ही शिस्त मोडली तर संस्था मोडतील, आणि संस्था मोडल्या की लहान शेतकरीच उघड्यावर पडेल.

माळावरची

काका, कर्जमाफी मी मागितलेलीच नाही. तुम्ही सांगितलेला अन्याय आमच्याही घरानं सोसलाय.

पुनर्गठन का नको ते आता सांगते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं की व्याज शून्य टक्के पडतं. पुनर्गठन केलं की तेच कर्ज मध्यम मुदतीचं होतं. पहिल्या वर्षी व्याजात सवलत, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर. म्हणजे दुष्काळात सापडलेल्या माणसानं सरकारची मदत घेतली तर त्याचं व्याज वाढतं! वडिलांनी हे सगळं संस्थेत विचारून घेतलं आणि घरी आले. दुभती म्हैस विकली, मार्चअखेर कर्ज भरलं.

कागदावर दिसतं काय? वसुली शंभर टक्के. या गावाला त्रास झाला असं त्यावरून कोण म्हणेल? आमच्याकडं दुष्काळ बँकेच्या थकबाकीत दिसत नाही, गोठ्यात दिसतो. आणि गोठा कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

पंचगंगाकाठ

मी शिरोळचा. 2019 आणि 2021 चा महापूर अंगावर घेतलेला माणूस, त्यामुळं सरकारी मदतीची वाट बघणं काय असतं ते मला माहीत आहे. तरीही मी वाटपाच्या विरोधात आहे.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न पाणी कमी असण्याचा नाही, पाणी कुठं जातं याचा आहे. उन्हाळा आला की नदीतनं पाणी उपसायला बंदी लागते, बंधाऱ्यांत पाणी अडवायच्या बरग्यांवरनं (फळ्यांवरनं) गावागावांत वाद होतात, आणि तरी ऊस पाटानं भिजवायचं कुणी सोडत नाही. राज्यात लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाचं पाणी सगळ्यांत जास्त तोच पितो. दर दुष्काळात पैसे वाटण्यापेक्षा नदीकाठचा सगळा ऊस ठिबकवर आणा. लहान शेतकऱ्याला 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान आहेच. वाचलेलं पाणी वर माळाला द्या.

आणि जरा मराठवाड्याकडं बघा. तिथं प्यायला पाणी नसतं. मध्यम दुष्काळाच्या यादीत आपण हात पसरावा हे मला पटत नाही.

माळावरची

दादा, उसाचं पटलं, अगदी पूर्ण. पण तुमच्या शेतात वाचलेलं पाणी माझ्या माळावर चढवायला योजना लागते, पाइप लागतो, वीज लागते. त्याला दहा वर्षं लागली तर दहा पेरण्या कशावर करायच्या? राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि ते पुरं झालं 1957 ला. पण त्याच्याही आधी, 1896-97 च्या दुष्काळात, महाराज थांबले नव्हते. तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) दिली, स्वस्त धान्याची दुकानं काढली, कामावर येणाऱ्या बायांच्या पोरांसाठी शिशुगृहं काढली. धरण आणि धान्य ही दोन्ही कामं एकाच राजानं केली.

मराठवाड्याचं म्हणाल तर त्यांच्या ताटातलं मला नकोच. पण पोचट शेंग लातूरची असो की हलकर्णीची, तिला तेल सारखंच सुटतं, म्हणजे सुटतच नाही.

कृषी पदवीधर

मोजणीबद्दल थोडं, कारण खरी अडचण तिथंच आहे. दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळ ठरवायच्या सरकारी नियमांत, घटक धरलाय तालुका. गडहिंग्लजचा पश्चिम भाग आजऱ्याला लागून, पूर्व भाग कर्नाटकाला. दोन्हीची सरासरी काढली की खरं चित्र पुसतं. 2023 ला तालुका लागला हे नशीब म्हणायचं.

पुढं नोव्हेंबरात महसूल मंडळांना (तालुक्यातल्या गावांच्या गटांना) दुष्काळसदृश म्हणून घेतलं. तिथं अट काय? जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण 750 मिलिमीटरपेक्षाही कमी. जुलैमध्ये एकाच आठवड्यात धो धो कोसळलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर बेरीज 750 च्या वर जाते. पीक जळालेलं, पण मंडळ यादीबाहेर. आपल्यासारख्या जिल्ह्यात हे हमखास होणार. पिकाला बेरीज कळत नाही, खंड कळतो.

विम्यावरही फार विसंबू नका. एक रुपयाचा विमा 2025 ला बंद झाला. आता शेतकरी हिस्सा खरिपाला 2 टक्के, आणि भरपाई ठरणार ती पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतातलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर. म्हणजे आकडा हंगाम संपल्यावर येणार.

फाळ्यानं करणारा

माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तीन एकर फाळ्यानं, म्हणजे मालकाला ठरलेला खंड देऊन करतो. बियाणं माझं, खत माझं, राबणूक माझी. अनुदान सातबारावाल्याच्या खात्यावर गेलं, मालक मुंबईला. फाळा मात्र ठरल्याप्रमाणं द्यावाच लागला. "पेरणाऱ्याला द्या" असं ताई म्हणाल्या, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्याबद्दल बोललं.

जुना गटसचिव

याला तोंडी करारावर पैसे द्यायचे म्हटलं तर उद्या प्रत्येक शेतावर दोन दावेदार उभे राहतील. मालक घाबरून जमीन पड ठेवेल, आणि या भावाची तीन एकरंही जातील. मला त्याची काळजी वाटते म्हणून विरोध करतोय.

माळावरची

भीती खरी आहे काका. पण ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरनं पिकाची नोंद करताना, पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. तो बहुतेक वेळा राबणाराच काढतो. मालकाच्या संमतीनं तिथंच "कसणारा" अशी एक नोंद ठेवली, फक्त त्या हंगामापुरती, जमिनीच्या हक्काशी काही संबंध नसलेली, तर?

जुना गटसचिव

हंगामापुरती आणि संमतीनं असेल तर विचार करता येईल. पुनर्गठनाच्या व्याजाचा मुद्दाही मला मान्य करावा लागेल. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात पुनर्गठित कर्जाला पूर्ण मुदतीत शून्य टक्के ठेवलं पाहिजे, आणि तो बोजा राज्यानं उचलावा. रोख वाटपाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

ग्रामसभेचा ठराव करणार असाल तर व्याजाचा आणि 750 च्या अटीचा मुद्दा वेगवेगळा लिहा, एकत्र घातलात तर दोन्ही फायलीत पडून राहतील. मसुदा पाठवा, मी भाषा बघून देतो.