उंदरांवरच्या प्रयोगाला घाबरावे की हसण्यावारी न्यावे?

पहाटेचा पठ्ठ्या (प्रश्न): गेली दोन वर्षे मी व्यायामानंतर रोज 5 ग्रॅम क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठीची पूरक भुकटी) घेतो. क्रिएटिनमुळे उंदरांच्या यकृताला सूज आल्याचे सांगणारा 2003 सालचा शोधनिबंध नुकताच वाचनात आला आणि मी डबा फळीवर ठेवून दिला. आमच्या जिममधला एक मित्र मात्र चरबी उतरवण्यासाठी कार्डारिन नावाचे रसायन घेतो. त्यामुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे मी त्याला दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "त्यांना बादलीभर पाजले होते, आपण थेंबभर घेतो." मी घाबरतो आणि तो हसतो. आमच्यापैकी चूक कोणाची?

खलबत्ता: मी औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्यांचे काम पाहतो. माझ्या मते चूक दोघांचीही आहे. आपली छोटी, मित्राची मोठी.

इंग्रजीतल्या माउस (छोटा) आणि रॅट (मोठा) या दोघांनाही मराठीत आपण उंदीरच म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण वाचलेल्या निबंधात सूज माउसच्या यकृतात आढळली होती. त्याच अभ्यासातल्या रॅटच्या यकृतात ती आढळली नाही. दोन उंदरांचेच जिथे एकमत नाही, तिथे माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, आणि क्रिएटिनच्या बाबतीत तो काढण्याची गरजही नाही, कारण निरोगी माणसांवरच वर्षानुवर्षे चाचण्या झालेल्या असून नेहमीच्या मात्रेत यकृताला किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याचे त्यांत दिसलेले नाही.

कार्डारिनचे तसे नाही. रॅटना ते दोन वर्षे, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, देण्यात आले आणि चाचणीतल्या प्रत्येक मात्रेला एकाहून अधिक अवयवांत गाठी आढळल्या. माउसमध्येही तेच दिसले. औषध म्हणून त्याचा विकास तिथेच थांबला. 2013 साली तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, खेळाडूंना त्याबद्दल जाहीर इशारा दिला.

आता बादलीचा हिशेब करू. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असल्यामुळे मात्रेची तुलना नुसत्या वजनावर करत नाहीत. रॅटची किलोमागची मात्रा सुमारे 6.2 ने आणि माउसची 12.3 ने भागून माणसाची समतुल्य मात्रा काढतात. मादी रॅटना दिलेली सर्वांत कमी मात्रा रोज किलोमागे 3 मिलिग्रॅम होती. भागाकार केला तर 70 किलोच्या माणसासाठी ती जेमतेम 34 मिलिग्रॅम भरते. जिममध्ये लोक रोज 10 ते 20 मिलिग्रॅम घेतात. खाद्यपदार्थात मिसळायच्या रसायनासाठी प्राण्यांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्याही खाली शंभर पट अंतर राखण्याचा प्रघात आहे. इथे निर्धोक मात्रा सापडलेलीच नाही आणि घातक मात्रेपासूनचे अंतर दोन-तीन पट आहे. हा भागाकार ढोबळ आहे हे मान्य, पण त्यात बादली कुठेच दिसत नाही.

पहाटेचा पठ्ठ्या: मित्राचे म्हणणे असे की तो फक्त आठ आठवडे घेतो, दोन वर्षे नव्हे.

खलबत्ता: रॅटची दोन वर्षे आणि माणसाचे आठ आठवडे एक नव्हेत, हा मुद्दा रास्त आहे. परंतु आठ आठवड्यांनी धोका किती घटतो हे सांगणारी माणसांवरची दीर्घ चाचणी आता कोणी करणारही नाही, कारण गाठींचे निष्कर्ष हाती असताना निरोगी माणसांना ते देण्याची परवानगी कोण देईल? क्रिएटिनला माणसांचा पुरावा आहे म्हणून तिथे उंदीर मागे पडतो. कार्डारिनला तो नाही म्हणून तिथे उंदराचेच ऐकावे लागते.

निरशी धार: प्राणी कोणत्या अवस्थेत होता हेही पाहावे. ग्रीन टीच्या अर्कातील ईजीसीजी हे द्रव्य उपाशी कुत्र्यांना दिले तेव्हा यकृत बिघडून काही कुत्रे दगावले. आधी खाऊ घातलेल्या कुत्र्यांना मात्र मोठी मात्राही सोसली. कुत्रा म्हणजे माणूस नव्हे हे खरे, पण पुढे 2018 साली युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने माणसांवरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा पूरक आहारातून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत रक्तातली यकृताची विकरे (एन्झाइम) वाढल्याचे, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण, दिसले. आपल्याकडे फॅट बर्नरची कॅप्सूल पहाटे अनशापोटीच घेतात. तिच्या लेबलावर ग्रीन टीचा अर्क असेल, तर तो कुत्र्यांचा प्रयोग आपल्यासाठीच केला होता असे समजावे.

खलबत्ता: अगदी योग्य मुद्दा. क्रिएटिनलाही तोच नियम लावावा. 2001 साली ज्या रॅटचे मूत्रपिंडाचे दुखणे क्रिएटिनने बळावले, त्यांच्या मूत्रपिंडात आधीपासूनच आनुवंशिक पुटिका (द्रवाने भरलेल्या पिशव्या, सिस्ट) होत्या. घरात कोणाला तो आजार असेल, तर डबा फळीवरच राहू द्यावा. नसेल तर खाली काढण्यास हरकत नाही. फक्त रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी, कारण क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात ते द्रव्य) बनते आणि मूत्रपिंड ठणठणीत असूनही अहवालातला आकडा चढा येऊ शकतो.

पहाटेचा पठ्ठ्या: घरात तसा आजार कोणालाही नाही, त्यामुळे डबा खाली काढतो. 34 मिलिग्रॅमचा हिशेब आज संध्याकाळी मित्रासमोर कागदावर मांडून दाखवीन.