हप्ते थांबवा, पण आरोग्य विम्याचा नको
नोकरी गेली त्या दिवशीच एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक), विमा, सगळे हप्ते बंद करा, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. एसआयपीचं पटतं, चार-सहा महिने थांबली तर फार बिघडत नाही. पण आरोग्य विम्याला हात लावू नका, कळकळीनं सांगतोय. बडोद्याच्या मकरपुऱ्यातली माझी नोकरी सुटली तेव्हा आम्ही आधी स्वयंपाकघर मोजलं. उन्हाळ्यात दिवेल (एरंडेल तेल) लावून भरलेले वर्षाचे गहू कोठीत होते, त्यामुळे पोळीची चिंता नव्हती. ओट्यावर आईचा गोळ्यांचा डबा होता, बीपीची सकाळी, शुगरची दोन्ही वेळा. आणि तिचं विम्याचं कार्ड होतं माझ्या कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या ग्रुप पॉलिसीचं. ते माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशीच बंद झालं होतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हे इथे अजून कुणी सांगितलेलं नाही. आधीपासूनच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळायला जी वाट पाहावी लागते (2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं), तिच्यात ग्रुपमधली वर्षं धरली जातात. मी उशीर केला, नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि आईच्या त्या वाट पाहण्याची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा नोटीस पिरियड चालू असतानाच एचआरकडून पॉलिसीची प्रत आणि किती वर्षं कव्हर होतं ते लेखी मागून घ्या, अर्जही तेव्हाच टाका. विमा कंपनी तपासण्या करायला सांगू शकते, हप्ताही आता खिशातून जाणार. आम्ही तो भरायला मुलाच्या नव्या सायकलीचे पैसे वापरले.