रंगाची घाई नको, आधी भिंत वाळू द्या

जुन्या डिस्टेंपरवरच (पाण्यात कालवून लावायच्या साध्या रंगावर) थेट नवा रंग मारला तर चालेल का, असं विचारलंत. भिंतीवर तळहात घासून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर नाही चालणार. नवा रंग त्या भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासकट पोपडे होऊन सुटतो. पत्र्यानं (पेंटरच्या चपट्या पातीनं) खरवडायलाच हवं.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे ओलीवर जरा जास्तच बोलणार. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं. दिवाळीच्या घाईत पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा लेप) मारून रंग उरकला. संक्रांतीपर्यंत कमरेइतकी भिंत फुगली, खार (भिंतीतल्या क्षारांची पांढरी पूड) बाहेर आला. पेंटर थांबा म्हणत होता, ऐकलं आम्हीच नाही. मग सगळं खरवडलं, खार कोरड्या ब्रशनं झाडला (पाण्यानं धुतला तर विरघळून परत आत मुरतो), उन्हाळाभर खिडक्या उघड्या ठेवल्या. शेवटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून दिवसभर भिंतीवर ठेवला. आतून थेंब धरले नाहीत, तेव्हाच पुट्टी आणली.

पुट्टीचे दोन पातळ हात, मग १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. घासल्यावरची धूळ पुसायची राहते बघा बऱ्याच जणांची! प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, त्यानंतरच.