मदत हवी आहे: एनएसडीचा फॉर्म, सहा नाटकांचा पुरावा कसा द्यायचा?

विंगेतला_पंटर
एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) दिल्लीचा फॉर्म भरतोय, तीन वर्षांचा डिप्लोमा. किमान सहा नाटकांत सहभाग आणि त्याचा पुरावा मागितलाय. माझी नाटकं सहाच्या वर केव्हाच गेलीत पण सर्टिफिकेटवर नाव एकदाच आलंय, बाकी सगळीकडे नुसतं संस्थेचं. एकांकिका धरतात का? ब्रोशरवर नाव नसेल तर काय जोडायचं? मुदत संपत आलीये, गुगलवर सगळं जुनंच सापडतंय. ज्यांनी स्वतः फॉर्म भरलाय त्यांनीच सांगा प्लीज.

तिसरी_घंटा
आधी वय सांग आणि पदवी झालीये का ते सांग. 18 ते 30 वय आणि कुठल्याही शाखेची पदवी, हे बसत नसेल तर पुराव्याचं पुढचं पुढे. राहतोस कुठे? पहिली फेरी मुंबईत देता येते, त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या वर्कशॉपला बोलावतात आणि खरा कस तिथे लागतो. दिवसभर तुमच्याकडून कामं करून घेतात आणि माणूस ग्रुपमध्ये कसा वागतो तेही बघतात.

कोल्हापुरी_रसिक
पुराव्याचं होईल रे भावा, तू आवाजावर काम कर. रोज पहाटे खर्ज लाव. आपली मराठी पोरं हिंदी बोलताना ज आणि ज़ मध्ये गडबडतात, तिथेच मार खातात. उर्दूच्या जाणकाराकडून उच्चार घासून घे आणि एक स्वगत पौराणिक, एक आधुनिक असं तयार ठेव. माझा भाचा याच जोरावर दिल्लीच्या फेरीपर्यंत गेला होता.

विंगेतला_पंटर
अहो अभिनय नाही, लाइट्स करतो मी. लाइट बोर्डावर असतो म्हणून तर नाव कुठे येत नाही. डिझाइनलाच जायचंय. वय 24, सोलापूर, पदवी मुक्त विद्यापीठाची. आता पुराव्याचं सांगा ना कुणीतरी.

नाट्यवेडी_पुणे
मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही असं ऐकलंय, नीट चौकशी कर.

तिसरी_घंटा
ताई, ऐकीव सांगून पोराला घाबरवू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी यूजीसीमान्य आहे, चालते.

कोल्हापुरी_रसिक
लाइट्ससाठी तीन वर्षं दिल्लीला कशाला? मुंबईत एखाद्या व्यावसायिक नाटकाच्या प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली राहा, दौरे कर, हात तयार होतो आणि चार पैसेही मिळतात. एनएसडीने तसंही मराठी रंगभूमीला काय दिलंय? तिथून निघालेले सगळे सिनेमात जातात.

मंडी_हाउस
कोल्हापुरी दादा, हे मात्र पटलं नाही. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते कमलाकर सोनटक्के एनएसडीचे. वामन केंद्रे एनएसडीचे, झुलवासारखं नाटक त्यांनी केलं, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी सुरू केली आणि 2013 ला एनएसडीचेच संचालक झाले. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष आणि त्यांची मुलगी अमृता, गीतांजली कुलकर्णी, चिन्मय मांडलेकर, आणि हा पोरगा ज्या सोलापूरचा तिथलेच अतुल कुलकर्णी. यातले बरेच सिनेमातही दिसतात, पण म्हणून त्यांचं नाटकातलं काम पुसलं जातं का?

आणि लाइट्सचं म्हणाल तर हा विषय शिकायला तीच जागा. 1962 ते 77 इब्राहिम अल्काझी एनएसडीचे संचालक होते (जन्म पुण्याचा बरं का) आणि नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांना अभिनयाच्या बरोबरीने बसवलं ते त्यांनी. अंधायुग हे नाटक त्यांनी 1963 ला फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या अवशेषांत केलं, नंतर तुघलक पुराना किल्ल्यात. तिथे ना विंग ना सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा), शेकडो वर्षांच्या दगडी भिंती आणि वर उघडं आभाळ. स्पॉट टांगायचा कुठे, केबल आणायची कुठून, भिंतीचा पोत दिसेल असा प्रकाश कुठल्या कोनातून टाकायचा, हे सगळं नव्याने शोधावं लागतं. जी. एन. दासगुप्ता, व्ही. राममूर्ती असे प्रकाशयोजनेतले मोठे लोक तिथे शिकवायला होते. दौऱ्यावर हात तयार होतो हे कबूल, पण आज या गावी उद्या त्या गावी करताना तोच सेट तोच क्यू (प्रकाश बदलायची ठरलेली खूण) चालवायचा असतो, नवं करून बघायला वेळ मिळत नाही.

कोल्हापुरी_रसिक
व्यावसायिकवाले रात्री तिसऱ्या गावाला पोचून दोन तासांत लाइट्स लावून प्रयोग उभा करतात, ते कुठल्या वर्गात शिकवतात ते सांगा. मी मुद्द्यावर ठाम आहे.

आई_आणि_नाटक
मध्येच विचारते, माझा मुलगा 10 वर्षांचा आहे, एनएसडीत लहान मुलांसाठी काही असतं का?

मंडी_हाउस
असतं ताई. 1989 पासून संस्कार रंग टोली आहे, उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा घेतात. पण त्या दिल्लीत, तुम्ही महाराष्ट्रात असाल तर जवळच्या बालनाट्य संस्थेत घाला. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

विंगेतला_पंटर
माझ्या प्रश्नाचं काय?? फक्त लाइट्सची वेगळी सीट असते का तेही सांगा.

जिलेटिन_पेपर
मी डिझाइनकडूनच गेले होते म्हणून सांगते. फक्त लाइट्सची सीट नसते. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं, अभिनय, योगा, सुतारकाम धरून. दुसऱ्या वर्षापासून एक तर अभिनय नाही तर डिझाइन आणि दिग्दर्शन एकत्र. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी अभिनयही बघतात, कोल्हापुरी दादांचं स्वगताचं अगदीच टाकाऊ नाही.

पुराव्यासाठी प्रत्येक नाटकाच्या दिग्दर्शकाकडून संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घे. नाटकाचं नाव, लेखक, प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि तुझं काम, सगळं स्पष्ट हवं, "बॅकस्टेजला मदत केली" असलं मोघम चालवून घेऊ नकोस, "प्रकाशयोजना" किंवा "प्रकाश संचालन" जे केलंस ते लिहून घे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेशिकेत तंत्रज्ञांची नावं भरावी लागतात, त्याची झेरॉक्स संस्थेकडे असते ती माग. एकांकिका मी धरल्या होत्या, पण दोन तरी पूर्ण लांबीची नाटकं दाखव.

आणि क्यूशीट, म्हणजे कुठला लाइट कधी बदलायचा याचा कागद, फेकली नसशील तर नीट जपून ठेव. दिल्लीला मुलाखतीत माझी पेन्सिलने खाडाखोड केलेली क्यूशीट बघून पंधराव्या क्यूला फेड (प्रकाश हळूहळू बदलणं) एवढा लांब का, यावर बराच वेळ प्रश्न चालले होते. छान टाइप करून नेऊ नकोस, आहे तीच ने.

विंगेतला_पंटर
हे हवं होतं ताई, खूप आभार. क्यूशीट चार नाटकांच्या आहेत. एका संस्थेचे दिग्दर्शक आता परदेशात असतात, त्यांनी ईमेलवर सही करून पाठवलेलं चालेल का? आणि एक संस्था बंदच पडलीये.

जिलेटिन_पेपर
ईमेल आत्ताच पाठव, स्कॅन केलेली सही मागव. बंद पडलेल्या संस्थेसाठी निर्माता किंवा लेखकाचं पत्र आणि बोर्डावर बसलेला एखादा फोटो असला तर बघ.

तिसरी_घंटा
पदवीचं सर्टिफिकेट हातात आहे ना, की अजून नुसती मार्कशीट?